विमानतळाची गाडी ठरवताना: उजळाईवाडी, सांबरा, मोपा, लोहगाव

कोल्हापूरकराला विमान पकडायचं तर आधी ठरवावं लागतं की विमानतळ कुठलं. उजळाईवाडी घरापासून अर्ध्या तासावर. १९३९ साली राजाराम महाराजांच्या काळात सुरू झालेलं हे विमानतळ मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलसह उभं राहिलं, पण इथून थेट जाणारी शहरं मोजकीच. मग बेळगावचं सांबरा साधारण १२० किलोमीटर, पुण्याचं लोहगाव २४० आणि मुंबई ३८० च्या पुढे. गोव्याला मोपा आणि दाबोळी अशी दोन विमानतळं आहेत. प्रत्येक ठिकाणी गाडी ठरवायची रीत वेगळी आणि फसायची जागाही वेगळी.

तिकीट हातात आलं की पहिल्यांदा त्यावरची विमानतळाच्या कोडची तीन अक्षरं वाचा. गोव्यासाठी जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी. एक पेडण्याला, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून, तर दुसरं पार वास्कोजवळ. मोपा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं, पण 'गोवा एअरपोर्ट' म्हटलं की अजून बऱ्याच ड्रायव्हरांच्या डोक्यात दाबोळीच येतं. मुंबईचंही आता तसंच झालंय. बीओएम म्हणजे जुनं विमानतळ, त्यात पुन्हा सांताक्रूझकडचं टी-१ आणि सहारचं टी-२ वेगळं. एनएमआय म्हणजे पनवेलजवळचं नवी मुंबई. देशांतर्गत विमान म्हणजे टी-१ असं धरून चालू नका, देशातली कितीतरी विमानं टी-२ वरून सुटतात. ट्रॅव्हल्सवाल्याला विमानतळाचं पूर्ण नाव आणि टर्मिनलचा आकडा लिहून पाठवा. नुसतं 'मुंबई ड्रॉप' लिहिलं तर उरलेलं तो मनाने भरणार.

दुसरी गोष्ट तारखेची. रात्री बारानंतरच्या विमानांनी जेवढे घोटाळे केलेत तेवढे दुसऱ्या कशाने केले नसतील. तिकिटावर '१५ तारीख, ००.४०' असं असेल तर ते विमान १४ तारखेची रात्र संपता संपता उडतं. मुंबईहून ते पकडायचं तर कोल्हापुरातून १४ ला सकाळी अकरा-बाराला निघायला हवं. फोनवर 'पंधराची रात्र' म्हटलं तर ऐकणारा १५ चा दिवस मावळल्यावरची रात्र समजतो. त्याचं काहीच चूक नाही, आपण बोलतोच तसं. म्हणून गाडी ठरवताना विमानाची तारीख न सांगता निघायची तारीख सांगा, वार सांगा आणि 'मंगळवारची रात्र, उजाडता बुधवार' असं स्पष्ट बोला. परत येतानाही हेच. परदेशातून येणारं विमान बऱ्याचदा निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी उतरतं, आणि तिकिटावर उतरायची जी वेळ छापलेली असते ती भारतातली असते.

निघायची वेळ नेहमी उलटी मोजावी. उदाहरण लोहगावचंच घेऊ, कारण सगळ्यात जास्त गाड्या तिकडे जातात आणि सगळ्यात जास्त धाकधूक त्याच रस्त्यावर. समजा विमान सकाळी साडेदहाचं, देशातलं. बऱ्याच कंपन्या सुटायच्या ६० मिनिटं आधी सामानाचं काउंटर बंद करतात, म्हणजे साडेनऊ. आदल्या तासात रांग, ओळखपत्र, बॅगांचं वजन. म्हणून दारात साडेआठला. कात्रज ते लोहगाव अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास, पण सकाळी सात ते साडेआठ या वेळेत त्याला दीड तास धरावा लागतो. म्हणजे कात्रजला सातला. कोल्हापूर ते कात्रज सव्वादोनशे किलोमीटरच्या आत आहे, पण सातारा-कागल सहापदरीकरणाचं काम चालू असल्याने ठिकठिकाणी सर्व्हिस रोडवर उतरावं लागतं. साडेचार तास धरा. चहा आणि स्वच्छतागृहासाठी अर्धा तास. झाले रात्रीचे दोन. यात अजून पंक्चर धरलेलं नाही. रात्रीच्या अंधारात, महामार्गाच्या कडेला, डिकीतलं सगळं सामान खाली काढून स्टेपनी बदलायला अर्धा तास सहज जातो. म्हणून दीडला गाडी हलली पाहिजे, आणि दीडला हलायची तर सव्वाला दारात लागली पाहिजे.

आंतरराष्ट्रीय विमान असेल तर दोन तासांच्या जागी तीन तास धरा. बाकी हिशोब तोच.

पुण्यात शिरायची वाटही आधीच ठरवून ठेवावी. एक वाट कात्रज-कोंढवा रस्त्याने खडी मशीन चौक, पुढे हडपसर, मुंढवा, खराडी. दुसरी सातारा रस्त्याने स्वारगेट आणि मग येरवडा. पहाटे पाचच्या आत पोचत असाल तर शहरातून जाणारी वाट सरळ आणि मोकळी. सातनंतर मात्र त्या घडीचा नकाशा बघितल्याशिवाय कुठलीच वाट धरू नये, आणि तो बघायचा तो खेड-शिवापूरच्या टोलवर, कारण त्याच्या पुढे वाटा फुटतात. आषाढी वारीच्या दिवसांत माउलींची पालखी हडपसरवरून दिवे घाटाकडे जाते, त्या दिवशी हडपसरची वाट विसरा. अनंत चतुर्दशीला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुण्याच्या मध्यवस्तीत शिरू नका. रविवारी संध्याकाळी पुण्याकडे परतणाऱ्या गाड्या खंबाटकीच्या बोगद्यापासून खेड-शिवापूरपर्यंत तुंबतात. सोमवारी पहाटेचं विमान असेल तर रविवारी संध्याकाळी सहाला निघण्यापेक्षा रात्री दहाला निघालेलं बरं. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा उतार अपघातांसाठी बदनाम आहे. तिथे वेग कमी ठेव, गाडी न्यूट्रलला टाकू नको, एवढं ड्रायव्हरला सांगायला संकोच करू नका.

आता भाडं. बहुतेक वाद इथेच होतात, आणि ते बहुतेक आधी न विचारल्यामुळे होतात. बाहेरगावची गाडी किलोमीटरवर ठरते आणि जाणं-येणं दोन्ही मोजलं जातं. तुम्ही लोहगावला उतरलात तरी गाडी रिकामी कोल्हापूरला येते, तिचं डिझेल जळतंच. तेव्हा 'फक्त ड्रॉप' म्हणजे निम्मं भाडं असं होत नाही. समजा दर किलोमीटरला १४ रुपये ठरला. जाऊन-येऊन ४८० किलोमीटर, म्हणजे ६,७२० रुपये. त्यावर ड्रायव्हरचा भत्ता, टोल आणि पार्किंग. आता यातली खरी मेख अशी की बहुतेक ट्रॅव्हल्सवाले दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात. सांबऱ्याला जाऊन-येऊन २४० किलोमीटर भरले तरी बिल ३०० चंच, म्हणजे ४,२०० रुपये. लोहगावच्या ट्रिपला हे किमान एका दिवसात पार होतं, म्हणून कुणी विचारत नाही. पण गाडी रात्री अकराला निघाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परतली तर? काहीजण दिवस २४ तासांचा धरतात, काहीजण तारखेचा. तारखेचा धरला तर दोन तारखा झाल्या, किमान ६०० किलोमीटर झाले, आणि तीच ट्रिप ६,७२० ऐवजी ८,४०० ला पडली. १,६८० रुपयांचा फरक, तोही गाडी एक किलोमीटर जास्त न पळता. म्हणून 'दिवस तारखेचा की २४ तासांचा?' हा प्रश्न दराच्याही आधी विचारायचा.

किलोमीटर कुठून मोजायचे हेही ठरवून घ्या, तुमच्या दारापासून की त्यांच्या गॅरेजपासून. गॅरेज हुपरीला आणि तुम्ही फुलेवाडीला असाल तर फरक पडतो. निघताना मीटरचा फोटो काढा, परतल्यावर ड्रायव्हरकडून तसाच फोटो मागवा. चांगला मालक याला कधीच हरकत घेत नाही.

टोलचं थोडं खोलात जाऊन सांगायला हवं. पुण्याच्या वाटेवर किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड-शिवापूर असे चार नाके. बेळगावच्या वाटेवर कोगनोळी आणि हत्तरगी. राष्ट्रीय महामार्गावर २४ तासांच्या आत त्याच नाक्यावरून परत आलं तर जाण्या-येण्याचा मिळून दीडपट टोल लागतो, दुप्पट लागत नाही, आणि फास्टॅगमधून ही सवलत आपोआप मिळते. त्यामुळे बिलात 'टोल जाताना गुणिले दोन' असं दिसलं तर फास्टॅगचे मेसेज दाखवायला सांगा. आणि निघायच्या आधी फास्टॅगमध्ये शिल्लक आहे ना हे विचारा. शिल्लक नसली आणि नाक्यावर रोख भरायची वेळ आली तर दुप्पट पैसे जातात, शिवाय वेळ जातो तो वेगळाच. तो भुर्दंड गाडीमालकाचा, तुमचा नाही, हे आधीच बोलून ठेवलेलं बरं.

सामान आणि माणसं यांचं गणित लोक अंदाजाने करतात आणि निघायच्या वेळी दारात बॅगा चढवता-उतरवता घामाघूम होतात. डिझायरसारख्या गाडीची डिकी पेट्रोलमध्ये ३८० लिटरच्या आसपास, त्यात दोन मोठ्या बॅगा आणि एखादी लहान मावते. पण भाड्याच्या बऱ्याच गाड्या सीएनजीच्या, आणि टाकी डिकीतच बसवलेली. मग मोठी बॅग एकच, तीही आडवी-तिडवी करून. अर्टिगा सात जणांची म्हणून घेतात, पण मागची तिसरी रांग उघडी ठेवली तर सामानाला जेमतेम २०९ लिटर जागा उरते, म्हणजे दोन केबिन बॅगा. सहा माणसं आणि सहा मोठ्या बॅगा अर्टिगात बसत नाहीत. इनोव्हातही तिसरी रांग उघडी असेल तर अडचणच होते. चार माणसं, चार मोठ्या बॅगा असतील तर अर्टिगा घेऊन मागची रांग पाडा. सहा माणसं असतील तर वरचं कॅरिअर असलेली गाडी मागा, आणि सोबत ताडपत्री व दोरी आहे का ते पावसाळ्यात न विसरता विचारा. सीएनजी गाडी असेल तर गॅस आधी भरून ठेवायला सांगा. पंपावर रांग असते, आणि भरताना सगळ्यांना खाली उतरावं लागतं. पहाटे तीनला झोपलेल्या मुलांना आणि आजीला उठवून पंपावर उभं करणं कुणालाच नको असतं.

गाडीचे कागद. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे भाड्याची गाडी. पांढऱ्या पाटीची गाडी कितीही ओळखीची आणि कितीही स्वस्त असली तरी ती भाड्याने चालवता येत नाही. वाटेत अडवली तर विमान जातं, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. सांबरा आणि मोपा दोन्ही परराज्यात. तिकडे जायचं तर गाडीला ऑल इंडिया परमिट आहे का, नसेल तर कर्नाटक किंवा गोव्याचा कर आधी भरला आहे का, हे विचारून ठेवा. कोगनोळीला गाडी बाजूला घेऊन मोबाइलवर कर भरत बसायची ती वेळ नव्हे.

मोप्याला दोन वाटांनी जाता येतं. एक गगनबावड्यावरून घाट उतरून वैभववाडी, कणकवली, कुडाळ, मग सावंतवाडीवरून बांदा. दुसरी गडहिंग्लज-आजऱ्यावरून आंबोली घाट उतरून बांदा. जून ते सप्टेंबर या दिवसांत दोन्हीकडे धुकं आणि दरडी. आंबोलीत तर पावसाळ्यात दुपारीसुद्धा दिवे लावून गाडी चालवावी लागते. या चार महिन्यांत मोप्याच्या वाटेला नेहमीपेक्षा तास-दीड तास जास्त धरा आणि घाट शक्यतो उजेडात उतरा. पहाटेचं विमान असेल तर आदल्या दिवशी सावंतवाडीत किंवा बांद्यात मुक्काम करणं हा खर्च वाटतो, पण रात्री घाटात गाडी अडकली तर तिथून पुढे काहीच करता येत नाही.

पावसाळ्याची याहून मोठी गोष्ट पंचगंगेची. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पुलाची शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुण्याची वाट काही दिवस बंद राहिली. बेळगावकडे निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी असंच रस्त्यावर येतं. जुलै-ऑगस्टात विमान असेल तर चार दिवस आधीपासून बंधाऱ्याची पातळी आणि राधानगरी धरणाचे दरवाजे यांच्या बातम्या बघत राहा. पातळी ३९ च्या वर जाऊन चढतच असेल तर गाडीची तारीख एक दिवस अलीकडे ओढा आणि पुण्यात मुक्काम करा. पाणी रस्त्यावर आल्यावर कुठल्याच ट्रॅव्हल्सवाल्याच्या हातात काही राहत नाही. उजळाईवाडीचं तसं नाही. शहरातून तिकडे जाताना पंचगंगा ओलांडावी लागत नाही. मात्र पावसात ढग खाली आले की विमान उशिरा येतं किंवा रद्दच होतं. तिथून मुंबईला जाऊन पुढचं परदेशी विमान पकडायचं असेल तर मध्ये किमान एवढा वेळ ठेवा की गरज पडली तर रस्त्याने मुंबई गाठता येईल, म्हणजे दहा-अकरा तास. आणि त्या दिवशी कुणाची गाडी तयार असू शकते, एवढं विचारून ठेवा.

उजळाईवाडीच्या गाडीचा हिशोब अगदी सोपा आहे. राजारामपुरी, शाहूपुरीकडचे लोक सागरमाळ, विद्यापीठ, शाहू नाक्यावरून जातात. कावळा नाक्याकडचे तावडे हॉटेलवरून महामार्गाने. पहाटे ॲपवर गाडी मिळेल या भरवशावर राहू नका, आदल्या रात्री ओळखीचा रिक्षावाला किंवा टॅक्सी सांगून ठेवा. मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या बोळात मोठी गाडी वळत नाही. गाडी तालमीच्या चौकात लावायला सांगा आणि बॅगा तिथवर आणा. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाच्या आसपासचे आणि गणपती विसर्जनाला महाद्वार रोडकडचे रस्ते बंद असतात, तेव्हा गाडी रंकाळ्याच्या बाजूला बोलवावी. चैत्रातली जोतिबाची यात्रा आणि लग्नसराई या दिवसांत गाड्याच शिल्लक नसतात, पंधरा दिवस आधी सांगावं लागतं.

ड्रायव्हरबद्दल एक प्रश्न नक्की विचारा: 'आमच्या आधी तो कुठल्या ट्रिपला आहे?' दिवसभर पन्हाळा-जोतिबा करून रात्री नऊला घरी आलेला माणूस दीडला तुमच्यासाठी स्टिअरिंगवर बसला तर साताऱ्याच्या पुढे त्याचे डोळे मिटायला लागतात. पहाटे तीन ते पाच ही वेळ सगळ्यात वाईट. मालकाला स्पष्ट सांगा की संध्याकाळी झोपलेला ड्रायव्हर पाहिजे, लागला तर भत्ता थोडा जास्त देऊ. हे पैसे वाया जात नाहीत. कराडच्या पुढे एकदा थांबून त्याला चहा पाजा, तोंडावर पाणी मारू द्या, आणि पुढच्या सीटवर बसणाऱ्याने झोपू नये.

हे सगळं ठरलं की एक मेसेज करा आणि मालकाकडून त्यावर 'ठीक' असं लिहून घ्या. मेसेज साधारण असा असावा:

'मंगळवारची रात्र, उजाडता बुधवार, रात्री १.१५ ला गाडी तालमीच्या चौकात. १.३० ला निघणार. लोहगाव विमानतळ, पुणे. माणसं ४, मोठ्या बॅगा ३, लहान २. अर्टिगा, मागची रांग पाडून. दर १४ रुपये किलोमीटर, जाऊन-येऊन, आमच्या दारापासून. दिवस २४ तासांचा. टोल फास्टॅगच्या मेसेजप्रमाणे, पार्किंग पावतीप्रमाणे. ड्रायव्हर भत्ता ठरल्याप्रमाणे, त्यात रात्रीचा चार्ज धरलेला. ॲडव्हान्स १,००० दिला. गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोन मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवा.'

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. संध्याकाळी सहाला नंबर आला नाही तर फोन करा. सातपर्यंतही आला नाही तर दुसरी गाडी बघायला अजून वेळ असतो. रात्री बाराला कळलं तर नसतो.

परतीच्या गाडीला विमानाचा क्रमांक द्या, म्हणजे ड्रायव्हर विमान कुठे आहे ते स्वतः बघू शकतो. कोल्हापूरहून पुण्याला निघायची त्याची वेळ त्यावर ठरते. मुंबईत आलेलं परदेशी विमान उतरल्यापासून बाहेर पडायला दीड तास धरा, देशातलं असेल तर अर्धा-पाऊण तास. उतरल्यावर किती वेळ थांबणं फुकट आणि पुढे तासाला किती, हे आधीच ठरवा. लोहगावला भाड्याच्या गाड्या एरोमॉल या बहुमजली पार्किंगमधून घ्याव्या लागतात, दारासमोर गाडी उभी राहू देत नाहीत. त्यामुळे 'बाहेर आलो, कुठे आहेस?' असा फोन न करता बॅगा हातात आल्यावर फोन करा आणि कुठल्या मजल्यावर यायचं ते विचारा. विमानतळावर पार्किंगचा दर तासाप्रमाणे चढतो, तेव्हा ड्रायव्हरने विमान उतरेपर्यंत बाहेर जवळपास थांबून मग आत आलेलं दोघांच्याही सोयीचं.

पुण्याहून परत येताना एक स्वस्त वाट आहे. कुणाला तरी पुण्याला सोडून रिकामी परतणारी कोल्हापूरची गाडी मिळाली तर ती निम्म्या भाड्यात येते. परतीला हे जरूर करा, कारण तास-दोन तास उशीर झाला तर बिघडत काही नाही. जाताना मात्र करू नका, कारण ती गाडी निघते तिच्या सोयीच्या वेळेला आणि वाटेत आणखी कुणाला घेते. घरातलं एक माणूस जाणार आणि दुसरं त्याच दिवशी येणार असेल तर दोन्ही तिकिटांच्या वेळा जुळवून एकाच गाडीत करा. दोन ट्रिपांचे १३,४४० रुपये होणार असतात तिथे ६,७२० मध्ये भागतं, मध्ये चार तास थांबावं लागलं तरी.

गाडीतून उतरताना बॅगा मोजा, सीटच्या मागचे खिसे बघा, आणि पासपोर्ट हातात घेऊनच दार लावा. ड्रायव्हरला मात्र तुम्ही आत गेल्याचा फोन येईपर्यंत, निदान वीस मिनिटं, विमानतळाच्या जवळपासच थांबायला सांगा.